नऊशे ग्रॅमची पुडी

"बूट काढ. डावा पाय दाखव," हे तो माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

मी गेलेलो गाडीच्या क्लचचं काम घेऊन. ठाण्याजवळ बाळकुमला खाडीच्या अंगाला पत्र्याची शेड, बाहेर उलटी घातलेली होडी, तिच्यावर वाळत टाकलेली जाळी आणि आत एक म्हातारं लेथ मशीन. म्हणजे मशीन म्हातारं. माणूस तेव्हा पन्नाशीचा असेल. मला वाटलं, आपण चुकून एखाद्या हाडवैद्याकडे आलो की काय. पण त्याने खरंच बूट काढायला लावला, मोजा काढायला लावला आणि एका फळीसमोर स्टुलावर बसवलं. फळीवर कुठल्यातरी भंगार गाडीचं क्लचचं पेडल ठोकलेलं होतं. त्याला जाडजूड स्प्रिंग आणि पेडलच्या दुसऱ्या टोकाला तळहाताएवढी पाटी. पाटीवर काठोकाठ भरलेलं पाण्याचं फुलपात्र. पेडल दाबलं की फुलपात्र वर जायचं, सोडलं की खाली यायचं. पाणी सांडायचं नाही, एवढीच परीक्षा. दाबताना कोणाचंच सांडत नसे. सोडताना बहुतेक सगळ्यांचं सांडायचं.

सांडलं की तो म्हणायचा, आठ दिवस घरी सोडायला शीक, मग ये. आणि खरोखर काम घ्यायचा नाही. ठाण्यातली बरी बरी माणसं, गाडी बाहेर उभी करून, ह्या माणसासमोर अनवाणी बसलेली मी पाहिलीत. एक डॉक्टर तीन वेळा नापास झालेला. चौथ्या वेळी पास झाला तेव्हा त्याने आम्हा सगळ्यांना पेढे वाटले.

सगळे त्याला तांडेल म्हणायचे. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. आता ह्यातली गंमत अशी, की कोळ्याच्या घरात जन्मून ह्याला होडी लागायची. लहानपणी बाप खाडीत घेऊन गेला की हा काठ दिसेनासा व्हायच्या आत ओकायला लागायचा. बापाने दोन वर्षं प्रयत्न केले आणि मग कपाळाला हात लावून पोराला इंजिनं दुरुस्त करणाऱ्याकडे ठेवला. कोळीवाड्यातल्या कोणीतरी चेष्टेने तांडेल म्हटलं, ते चिकटलं ते चिकटलंच. नारळी पौर्णिमेला सगळा वाडा वाजतगाजत खाडीवर जायचा, आणि हा शेडमध्ये लेथला हार घालून तिथेच नारळ वाढवायचा. मी विचारलं तर म्हणाला, "समुद्राला सगळेच देतात. हिला कोण देनार?"

आणखी एक सांगतो. त्याला गाडी चालवता येत नव्हती. लायसन नाही, शिकायची इच्छा नाही. काम झालं की शेजारच्या सीटवर बसायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, चल. घोडबंदर रोडला तेव्हा आतासारखी गर्दी नव्हती. आपण चालवायची आणि त्याने डोळे मिटून ऐकायचं. मध्येच हात वर केला की गाडी थांबवायची आणि मुकाट्याने परत शेडवर यायची. काय बिघडलं हे तो सांगायचा नाही. तो सरळ गाडीखाली शिरायचा.

माझी गाडी टॅक्सीवाल्यांच्या जातीची, जुनी, पण मी तिच्यावर जीव ओवाळून टाकलेला. मी डोंबिवलीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. बनलेला माल मोजायचा, पास की फेल ते सांगायचं. दिवसभर दुसऱ्यांचे दोष काढायची नोकरी. पगारातला जेवढा भाग आईच्या नजरेतून सुटेल तेवढा मी गाडीत घालत होतो. कार्बोरेटर दोन बसवलेले, हेड घासून घेतलेलं, एक्झॉस्ट बदललेला. आम्ही ठाणे, कल्याण, डोंबिवलीचे आठ-दहा जण असे हौशी होतो. सुट्टीच्या दिवशी पहाटे घाटात जायचं आणि आपापसात शर्यत लावायची. ना बक्षीस, ना कप. हरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ घालायची, बस.

इंजिनाची ताकद वाढवली तसा माझा क्लच सरकायला लागला. इंजिन बोंबलायचं आणि गाडी पुढे जायची नाही. म्हणून मी तांडेलकडे गेलेलो.

ज्यांना ह्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या मागे एक जड लोखंडी चकती फिरत असते, ती फ्लायव्हील. ती बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. क्लचची प्लेट तिला घट्ट चिकटली की ताकद पुढे जाते. चकती जड असली की इंजिन शांत चालतं, पण वेग घ्यायला आळस करतं. तांडेल म्हणायचा, जड फ्लायव्हील म्हणजे घरातला सासरा. असला तर घर सावरून धरतो, पण उठायचं म्हटलं की वेळ लावतो. म्हणून शर्यतवाले क्लचच्या स्प्रिंगा कडक घेतात, जास्त पकडीची लायनिंग लावतात आणि फ्लायव्हील लेथवर चढवून थोडी हलकी करून घेतात. हे थोडी म्हणजे किती, हे सांगणारा आमच्या भागात तो एकच माणूस होता.

तर ती परीक्षा. माझं पाणी सांडलं नाही. पहिल्याच फटक्यात पास. मी खूश होऊन घाटातल्या गोष्टी सांगायला लागलो, आणि बोलता बोलता माझा पाय परत पेडलवर गेला. दाबला नव्हता हो, नुसता टेकवलेला. त्याने बघितलं.

"पाय काढ," तो म्हणाला. "क्लचवर पाय ठेवून बसनारा मानूस ना धरतो, ना सोडतो. मी अशाला काम नाय देत."

मी बूट घालायला घेतला. तेवढ्यात त्याची बायको आत आली. त्या ठाण्याच्या बाजारात मासळी विकायच्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. तांडेलने सकाळी त्यांचा तराजू कामाला घेतलेला आणि त्यांना बाजारात जायची घाई, त्यामुळे त्या तावातावाने बोलत होत्या. लोखंडाची घाण माझ्या पारड्याला लागते, गिऱ्हाईक म्हणतं पापलेटाला काळं काय लागलंय, वगैरे. मी मध्ये न पडता वजनं गोळा करून द्यायला लागलो. अर्धा किलोचं वजन हातात घेतलं आणि सवयीने म्हटलं, वहिनी, हे कमी आहे.

झालं. वहिनी कमरेला हात लावून उभ्या. मी वजन उलटं करून दाखवलं. खालच्या भोकात शिशाची गोळी असते ती कधीतरी पडून गेलेली. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या काट्यावर तपासलं. बारा ग्रॅम कमी. ते मी बाळकुमला जाऊन सांगितलं तेव्हा वहिनींचा चेहरा असा पडला की मला वाटलं, उगाच तोंड उघडलं.

"म्हंजे येवढी वर्सं मी लोकांना कमी म्हावरं दिलं काय?" त्या म्हणाल्या.

तांडेल मात्र हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, पुढचा एक दात नव्हता. त्याने शिसं वितळवून भोकात ओतलं, मी तीनदा काट्यावर नेऊन आणलं, आणि शेवटी वजन बरोबर पाचशेला आणलं. आणि वहिनींनी काय केलं असेल? त्यानंतर महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला एक बोंबील वर टाकला. कोणी विचारलं तर सांगायच्या, मापात पाप झालेलं, फेडते आहे. सगळ्या बाजारासमोर. मला त्या वेळी हे जरा खुळचटपणाचंच वाटलं होतं.

त्या वजनाच्या पायी तांडेलने माझं काम घेतलं. मी पेडलवर पाय टेकवलेला तो विसरला नव्हता, हे मला फार नंतर कळलं.

काम करताना त्याचे सोहळे असत. लेथवरून उतरवलेली चकती तो दोन सुऱ्यांसारख्या धारदार पट्ट्यांवर, मधून आडवा दांडा घालून, ठेवायचा. तिचा जो भाग जड तो आपोआप खाली येऊन थांबतो. तिथे बारीक भोक पाडायचं, परत ठेवायचं, परत बघायचं. चकती कुठेही ठेवली तरी जागची हलता कामा नये. ह्या वेळी शेडमधला पंखा बंद, दार बंद, बोलणं बंद. वाऱ्याने चकती हलते म्हणे. आम्ही घामाने निथळत उभे. एकदा कोंबडी आत शिरली तर हा माणूस तिच्याकडे बोट दाखवून नुसता बघत राहिला, आणि देवाशपथ सांगतो, ती गेली.

सगळं मनासारखं झालं की चकतीच्या कडेला तो पंचने तीन ठिपके मारायचा. त्रिकोणात. ती त्याची सही. मग खाली पडलेला सगळा कीस, काळ्या पिठासारखा असतो बिडाचा, कुंच्याने झाडून वर्तमानपत्रावर घ्यायचा. वहिनींच्या तराजूवर त्याचं वजन करायचा. त्याची पुडी बांधायची, तिच्यावर सुताराच्या पेन्सिलीने गाडीचा नंबर आणि वजन लिहायचं आणि पुडी बिस्किटाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. डबा लेथच्या वर फळीवर. माझ्या पुडीवर लिहिलेलं मला आजही दिसतं. आधी आठ किलो दोनशे, काढलं नऊशे.

मी विचारलं, हे कशाला ठेवता? तो म्हणाला, "काढलेलं परत लावता येत नाय. निदान किती काढलं ते तरी ठेवावं."

गाडी काय झाली होती म्हणून सांगू! पाय हलवायचा अवकाश, इंजिन टपकन उठायचं. क्लच दाबायला कडक, पण एकदा धरला की धरला. डोळे मिटून तो माझ्या शेजारी गायमुखपर्यंत बसला आणि त्याने एकदाही हात वर केला नाही.

पण मी म्हणजे मी. मला अजून हवं होतं. घाटात कळव्याचा एक जण मला एका गाडीच्या लांबीने हरवायचा, दर वेळी तेवढ्यानेच. मी तांडेलच्या मागे लागलो, अजून अर्धा-पाऊण किलो काढा. त्याने चकतीच्या पाठीवर टोकदार सळईने ओढलेली रेघ दाखवली. ह्याच्या आत नाही, म्हणाला. मी म्हटलं, पोलादी चकतीचं लोक ह्याहून जास्त काढतात. त्यावर त्याने माझ्याकडे बघून सावकाश सांगितलं, "हे बीड हाय. पोलाद वाकतं, आधी सांगतं. बीड सांगत नाय. एकदम फुटतं."

मला हे कळत नव्हतं असं नाही. इन्स्पेक्शनचा माणूस मी. बीड म्हणजे काय हे मला पाठ होतं. नाही कळलं असं म्हणायचीसुद्धा सोय नाही, हेच तर दुखणं आहे.

आमच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असायची. वॉचमन ओळखीचा. एका शुक्रवारी दुपारी मी चकती घेऊन गेलो, लेथवर चढवली आणि स्वतःच्या हाताने त्या रेघेच्या आत गेलो. सातशे ग्रॅम काढले. तीन ठिपक्यांना धक्का लावला नाही. ते का वाचवले? मी स्वतःला सांगितलं की बॅलन्स बिघडू नये म्हणून. खरं म्हणजे तांडेलची सही असलेली चकती आपल्याकडे आहे, ही मिरवायची गोष्ट होती. खाली पडलेला कीस झाडून मी कारखान्याच्या भंगाराच्या पिंपात टाकला.

पुढच्या शर्यतीत कळव्याचा मागे पडला. सुरेशने मला उचलून नाचवलं. सुरेश म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, शेजारच्या चाळीतला, गाडीत कायम माझ्या डाव्या हाताला. कबड्डी खेळायचा. डोंबिवलीच्या मंडळाचा चढाईचा हुकमी गडी. त्याच्या उजव्या पायाची लाथ बसली की कोपऱ्यातला गडी बाद, हे ठरलेलं. त्या वर्षी त्याची जिल्ह्याच्या संघात निवड झालेली. मी चकतीला हात लावलाय हे मी त्यालाही सांगितलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी खडवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सकाळी आठच्या सुमाराला, आम्ही दोघं नुसते सराव करत होतो. रस्ता मोकळा, सरळ. मी दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ताणलं, आणखी ताणलं. मग आवाज झाला. गाडीचा मधला पत्रा फाटून वर आला. चकतीचा एक तुकडा बॉनेटमधून उडून शेतात गेला आणि एक सुरेशच्या पायात शिरला. उजव्या.

माझ्या डाव्या पायाला खरचटलंसुद्धा नाही.

मी त्याला पाठीवर घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत आलो, भाजीचा टेम्पो थांबवला आणि कल्याणला हॉस्पिटलात नेलं. पाय वाचला. पण घोट्याच्या खाली जी हाडं जुळायची ती नीट जुळली नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, पण पळणार नाही.

गाडी ओढून आणायला आमच्यातले बाकीचे गेलेले. त्यांनी शेतातून तुकडे गोळा केले. एका तुकड्यावर तीन ठिपके. हॉस्पिटलच्या बाहेर चहाच्या टपरीवर सगळे जमलो तेव्हा तो तुकडा टेबलावर ठेवलेला. कोणीतरी म्हणालं, तांडेलचं काम आहे हे. दुसरं कोणीतरी म्हणालं, म्हातारा कामातून गेला, नको तेवढं कापलंय बघ. मी तिथे होतो. मी चहा पीत होतो. त्या क्षणी बोललो असतो तर शिव्या खाल्ल्या असत्या, मार खाल्ला असता आणि मोकळा झालो असतो. मी म्हटलं, आता नको, सुरेश शुद्धीवर येऊ दे. सुरेश शुद्धीवर आला तेव्हा त्याला कोणीतरी आधीच सांगून झालेलं. आणि तो रडत होता, आणि तांडेलला शिव्या देत होता. मला वाटलं, आता तर नकोच.

दोन दिवसांनी आम्ही सगळे बाळकुमला गेलो. हो, मीही गेलो. सगळ्यात मागे उभा राहिलो. त्यांनी तुकडे लेथशेजारच्या टेबलावर ओतले आणि तोंडाला येईल ते बोलले. वहिनी दारात उभ्या होत्या. तांडेलने ठिपक्यांचा तुकडा उचलला आणि कापलेल्या बाजूवरून अंगठ्याचं नख फिरवलं. लेथवर प्रत्येकाच्या हाताचा काप वेगळा पडतो. त्याचा काप काचेसारखा गुळगुळीत असायचा. माझा खरबरीत. एका जागी नख अडलं आणि तिथेच थांबलं. त्याची रेघ जिथे असायला हवी होती, तिथे.

मग त्याने वर बघितलं. आधी फळीवरच्या डब्याकडे, मग माझ्याकडे.

तराजू बाजूलाच लटकत होता. डबा खाली काढायचा, पुडी दाखवायची, तुकडे पारड्यात टाकायचे. आठ दोनशेतून नऊशे गेले तर सात तीनशे उरायला हवेत. दोन मिनिटांचं काम. सगळ्यांसमोर मी उघडा पडलो असतो. त्या दोन मिनिटांची मी वाट बघत होतो, आणि खोटं का सांगू, मनातून मला ती हवीसुद्धा होती.

त्याने तुकडा खाली ठेवला. "चूक माझी हाय," तो म्हणाला. एवढंच.

भांडायला आलेल्यांना समोरचा असा शरण आला की काय करायचं कळत नाही. जाता जाता कोणीतरी त्या परीक्षेच्या फळीला लाथ मारली. फुलपात्र घरंगळत माझ्या पायाशी आलं. मी ते उचलून स्टुलावर ठेवलं आणि सगळ्यांबरोबर बाहेर पडलो.

त्यानंतर त्याच्याकडे गाड्या जाईनाशा झाल्या. आमच्या लहानशा जगात बातमी पसरायला वेळ लागत नाही. पेढे वाटणारा डॉक्टरसुद्धा गेला नाही. तांडेल परत होड्यांच्या इंजिनांकडे वळला, पण खाडीत मासळी मिळेनाशी झालेली, लोक होड्या विकून रिक्षा घेत होते. मी हे सगळं ऐकून होतो. ठाण्याला गेलो की बाजारात वहिनींच्या रांगेकडे फिरकायचो नाही. लांबून वळसा घालून जायचो. दर पाडव्याला ठरवायचो, ह्या वर्षी जाऊन सांगायचं. तांडेलला आणि सुरेशला. अशी सात वर्षं गेली. गाडी मी कधीच विकून टाकलेली.

मग एकदा कामानिमित्त बाळकुमवरून जाताना बघितलं, तर शेडच्या जागेवर बांबूची परांची आणि अर्धी उठलेली बिल्डिंग. बस थांबायच्या आत उतरलो. वाड्यात विचारत विचारत वहिनींच्या खोलीपाशी पोचलो. त्या दारात बसून सुकट निवडत होत्या. मला ओळखलं. ये म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. तांडेल होळीच्या आधीच गेला होता. आठ महिने होऊन गेलेले.

मी उंबऱ्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. शुक्रवार, लेथ, ती रेघ, सगळं. सात वर्षं जे जिभेवर यायचं ते पाच मिनिटांत संपलं. वहिनी सुकट निवडतच होत्या.

"त्यांना ठावं होतं," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी मला सांगितलं. मी म्हटलं, मग बोललात का नाय? तर म्हणाले, पाय बघितला होता मी त्याचा. ना धरनारा, ना सोडनारा. तरी काम दिलं, माझा नियम मी मोडला. मग चूक कोणाची? तो येईल आपनहून, तवर डबा काढायचा नाय."

त्या उठल्या, पलंगाखालून तो बिस्किटाचा डबा ओढला. बाकीच्या पुड्या शेड पाडताना गेल्या होत्या. आत एकच उरलेली. त्यांनी तराजू काढला, पुडी एका पारड्यात ठेवली आणि दुसऱ्यात वजनं टाकली. अर्धा किलोचं, त्यावर दोनशेची दोन. काटा मधोमध येऊन उभा राहिला.

"हे अर्ध्याचं तूच बरोबर करून दिलेलं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात विचारलं, "आनि तुझं? तुझं किती भरलं होतं?"

मी म्हटलं, मी ते टाकून दिलं.

त्यांनी पुडी माझ्या हातात दिली. ही त्या लंगड्या पोराला दाखव, म्हणाल्या. त्याला कळू दे. मला आता दुसरं काय नको.

मी बाळकुमहून थेट डोंबिवलीला आलो. मंडळाच्या मैदानावर सुरेश मुलींच्या कबड्डी संघाला शिकवत होता. आधी खेळायचा, आता खुर्चीत बसून शिट्टी वाजवतो. मला बघून त्याने शिट्टी मारून सगळ्यांना बोलावलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. पोरींना म्हणाला, हा माझा मित्र. त्या दिवशी ह्याने मला पाठीवर घेऊन आणलं नसतं ना, तर मी आज तुमच्यासमोर नसतो. एका मुलीने वाकून मला नमस्कार केला.

हातात काय आहे रे, सुरेशने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "ऑफिसचं आहे."

ह्यालाही आता बरीच वर्षं झाली. सुरेश दर रविवारी माझ्याकडे येतो. जिने चढताना त्याला त्रास होतो, म्हणून मी खाली जाऊन हात देतो. गप्पा निघाल्या की कधीतरी तांडेलचं नाव येतं, आणि सुरेश म्हणतो, जाऊ दे रे, म्हातारा होता, चुकला असेल, मी केव्हाच माफ केलं त्याला. तो हे म्हणतो तेव्हा ज्या कपाटाला पाठ लावून बसलेला असतो, त्याच कपाटात ती पुडी आहे. कागद आता पिवळा पडलाय, पेन्सिल पुसट झालीय. मी काय करतो? मी विचारतो, चहा घेणार का?

परवा घरात कोणी नव्हतं तेव्हा पुडी काढली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. नऊशे सव्वीस भरली. परत ठेवली, परत नऊशे सव्वीस. मग उघडून बघितलं. काळा कीस सगळा तांबडा झालाय, त्याचा गोळा झालाय. बिडाला गंज धरला की वजन वाढतं, हे इन्स्पेक्शनच्या माणसाला कोणी सांगायला नको. पुडी परत बांधून मी कपाटात ठेवली. उद्या रविवार आहे.